टिच फ्रीमनचे शेपूट

क्रिकेटच्या टीकाकारांचे आणि माझे फारसे जमत नाही. आता केंट परगण्याच्या टिच फ्रीमनचेच घ्या. लेगस्पिनर. उंची पाच फूट दोन इंच. पहिले महायुद्ध संपून नियमित खेळायला लागला तेव्हा तिशी उलटलेली. आमच्या कचेरीत या वयात लोक पेन्शनचे हिशेब मांडायला लागतात! आणि या गृहस्थाने चाळिसाव्या वर्षी, १९२८ साली, एका मोसमात ३०४ बळी घेतले. ते आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेले नाही. १९२८ ते १९३५, सलग आठ वर्षे, दरसाल दोनशेच्या वर. कारकिर्दीत एकूण ३,७७६. पुढे फक्त विल्फ्रेड ऱ्होड्स.

यावर टीकाकारांचे म्हणणे काय? तर, ‘शेपूट गुंडाळायला ठीक; कसोटीचा बोलर नव्हे.’ १९२४-२५ साली ऑस्ट्रेलियात दोन कसोट्यांत त्याने मार खाल्ला, हे कबूल. पण एकूण कसोट्या दिल्या बारा, त्यांत बळी ६६. मायदेशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही नाही. म्हणजे पंगतीला बोलवायचे नाही आणि वर म्हणायचे, ‘याला भूकच कमी!’

आणि शेपूट गुंडाळणे हे काय हलके काम आहे? परगण्याचे क्रिकेट म्हणजे रोजची नोकरी. तिथे माणूस रोजच्या कामावरच जोखावा.

१९३६ साली केंटने त्याला निरोप दिला. त्याने घराचे नाव ठेवले ‘डनबोलिन’, म्हणजे ‘झाली बुवा बोलिंग!’ टीकाकारांची ओव्हर मात्र अजून चालूच आहे.