स्वस्त रोल आणि सावळा चेहरा

हौशी छायाचित्रकाराने रोजच्या वापरासाठी कोणता रोल घ्यावा, यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. आणि फिल्मची हौस पुन्हा वाढू लागल्यापासून त्यात भरच पडते आहे. या लेखनाची एक ठरीव भाषा झाली आहे. रोल स्वस्त असावा, कुठेही मिळावा, उन्हात आणि घरात सारखाच चालावा, आपली चूक त्याने सांभाळून घ्यावी. आणि मग एक वाक्य हमखास येते, की या रोलवर त्वचेचा रंग फार छान येतो. कोणाच्या त्वचेचा, हे सांगण्याची गरज लेखकाला वाटत नाही. साहित्यसमीक्षेत ज्याला ‘सर्वसामान्य वाचक’ म्हणतात त्याचा पत्ता शोधत गेले की तो एका ठरावीक आळीत सापडतो, हे आपण अनेक वर्षे सांगत आलो. छायाचित्रणातल्या सर्वसामान्य चेहऱ्याचाही पत्ता शोधला पाहिजे. हा चेहरा सल्ल्याच्या भाषेत तर आहेच, पण त्या आधी तो फिल्मच्या घडणीतच बसवलेला होता.

स्वस्त छायाचित्रणाची सुरुवात अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या कोडॅक कंपनीने केली. 1888 साली आलेला तिचा कॅमेरा 25 डॉलरचा होता. शंभर फोटो काढायचे आणि अख्खा कॅमेराच कारखान्यात परत पाठवायचा, अशी त्याची व्यवस्था. 1900 साली ‘ब्राउनी’ आला एका डॉलरला; सहा फोटोंचा रोल पंधरा सेंटला. कॅमेरा जवळजवळ फुकट द्यावा आणि पुढे जन्मभर रोल विकावा, हे त्यातले व्यापाराचे गणित. त्या गणिताला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यामुळेच गोरगरिबांच्या हाती कॅमेरा आला. परंतु ज्याला ‘सगळ्यांसाठी’ म्हटले ते बनवताना समोर कोण बसवले होते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्याचे उत्तर प्रिंटच्या खोलीत मिळते. 1942 साली कोडॅकची रंगीत निगेटिव्ह फिल्म बाजारात आली. सुरुवातीला रोलच्या किमतीतच धुण्याचे आणि प्रिंटचे पैसे धरलेले असत, म्हणजे सगळे काम कंपनीकडेच. 1954 साली अमेरिकेच्या सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही बांधाबांध सोडवली आणि बाहेरच्या लॅबना रंगीत प्रिंट काढण्याची मोकळीक मिळाली. आता गावोगावच्या लॅबमध्ये रंग एकसारखे यावेत कसे? त्यासाठी कंपनीकडून एक नमुन्याचे कार्ड जाऊ लागले. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. अशा एका मॉडेलच्या नावावरून या कार्डाला ‘शर्ली कार्ड’ हे नाव पडले. मॉडेल बदलल्या, नाव राहिले. शर्लीचे गाल बरोबर आले की यंत्र बरोबर लागले; मग त्याच यंत्रातून ज्याचा चेहरा जाईल तो जाईल.

कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी 2009 साली या कार्डाचा इतिहास लिहिला. त्यातली एक हकिकत आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावी अशी आहे. तपकिरी रंगाच्या छटा कोडॅकच्या फिल्मवर नीट येत नाहीत, ही तक्रार कंपनीच्या कानावर जोरात घातली ती लाकडी सामान विकणाऱ्यांनी आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी. जाहिरातीत सागवान आणि शिसवी यांत फरक दिसेना, दुधाचे चॉकलेट आणि काळे चॉकलेट सारखेच दिसे. शाळेच्या वर्गाच्या फोटोत गोरी मुले स्वच्छ दिसत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. त्यांच्या आईबापांना ते डोळ्यांनी दिसतच होते. फिल्म सुधारली ती मात्र खुर्ची-कपाटांच्या कळवळ्याने. 1980च्या दशकात सुधारलेल्या फिल्मचा गौरव करताना कंपनी म्हणाली, की अंधूक उजेडातल्या काळ्या घोड्याचे बारकावेही ही फिल्म टिपते. घोडा! माणूस म्हणायला जीभ रेटली नाही. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड यायला 1990चे दशक उजाडावे लागले.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. अमेरिकेतला वर्ण आणि आपल्याकडची जात एका मापाने मोजता येत नाहीत. जात कातडीवर लिहिलेली नसते. सवर्णांत सावळे आहेत आणि दलितांत गोरे आहेत, आणि ‘रंगावरून ओळखतो’ म्हणणाराची जीभ आपण वेळोवेळी धरली आहे. म्हणून शर्लीच्या गोष्टीवरून थेट जातीचा निष्कर्ष काढणे हा आळस होईल. पण दोन गोष्टी उरतात. एक, या देशातली बहुसंख्य माणसे सावळी आहेत आणि परदेशी रोल त्यांना धरून बनलेला नव्हता. दुसरी, वाया गेलेल्या फोटोची किंमत सर्वांना सारखी पडत नव्हती. ज्याच्या घरी वर्षाला दहा रोल धुतले जात त्याच्या अकराव्या फोटोत आजी नीट आली असेल. ज्याच्या घरी जन्मभरात आजीचा एकच फोटो निघाला आणि तोच काळा पडला, त्याची आजी गेली ती गेलीच.

आपल्याकडे रोजचा फोटो बराच काळ कृष्णधवलच होता. अ‍ॅग्फाचा ‘क्लिक थ्री’ हा इथे बनणारा डबा, छिद्र आणि वेग बदलण्याची जवळजवळ सोय नसलेला, 120च्या रोलवर बारा फोटो देणारा. त्यावर किती तरी कुटुंबांचे आल्बम उभे राहिले. उटकमंडला 1960 साली सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली, 1967 पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाचा रोल, कागद आणि एक्स-रे फिल्म देशभर गेली. पुढे ही कंपनी आजारी पडली आणि बंद झाली. तिच्या अकार्यक्षमतेवर बरेच लिहिले गेले आहे. स्वतःचे रोल स्वतः बनवणे, हा विचार चूक होता असे त्यावरून ठरत नाही.

पण कृष्णधवलात रंगाचा प्रश्न नव्हता असे समजू नये. जुन्या प्रकारच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश दिसत नाही. सावळ्या कातडीतून जो प्रकाश परततो त्यात तांबड्या-पिवळ्याचा भाग मोठा. तो फिल्मला दिसलाच नाही की चेहरा आहे त्याहून काळा उतरतो. मग स्टुडिओवाला निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवी. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे प्रिंटवर उजेड येतो. गाल उजळत, कपाळ उजळे, सुरकुत्या जात. लग्नाच्या मुलीचा फोटो तर ‘जरा उजळ करा’ असे सांगूनच घेतला जाई. यंत्राने चेहरा बुडवायचा आणि कारागिराने त्याला गोरा करून वर काढायचा. या दोन टोकांमध्ये माणूस जसा आहे तसा कुठेच नाही.

म्हणून ‘चेहरा उजळ यावा’ ही आपली मागणी असता कामा नये. चेहरा स्पष्ट यावा, ही मागणी आहे. हा भेद कोणाला शब्दच्छल वाटेल. त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेममधले कृष्णवर्णीय छायाचित्रकार रॉय डिकॅराव्हा यांची चित्रे पाहावीत. लँग्स्टन ह्यूजबरोबरचे त्यांचे पुस्तक 1955 साली निघाले. डिकॅराव्हा चेहरे उजळत नाहीत. त्यांची प्रिंट गडद असते, कधी कधी इतकी, की डोळ्यांना थोडे थांबावे लागते. आणि थांबले की त्या करड्या-काळ्यात गालाचे हाड, घामाची रेघ, पापणीची सावली एकेक करून दिसू लागते. काळोख ही त्यांची सामग्री आहे, दोष नाही. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेली कृष्णधवल मालिका या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. तिच्यातली घाण, पाणी आणि माणसाची कातडी एकमेकांत मिसळून जाऊ शकली असती. ती मिसळत नाहीत, माणूस वेगळा राहतो. कलामूल्याची चर्चा करणाऱ्यांनी या ‘वेगळे राहण्या’ची चर्चा करावी.

आता कारागिरीकडे येऊ, कारण रोलची निवड तिथे ठरते. निगेटिव्ह फिल्मचा एक स्वभाव असतो. जास्त प्रकाश ती दोन-तीन स्टॉपपर्यंत सोसते; कमी प्रकाश तिला सोसत नाही. जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे निगेटिव्ह कोरी राहते आणि कोऱ्या जागेतून कोणताही लॅबवाला चेहरा काढू शकत नाही. आता बुद्धजयंतीचा आपला नेहमीचा फोटो घ्या. मांडवाच्या सावलीत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया ओळीने उभ्या. कॅमेऱ्याचा लाइटमीटर त्या पांढऱ्याला भुलतो, त्याला वाटते उजेड भरपूर आहे, आणि तो प्रकाश कमी घेतो. पुढे छपाईचे यंत्र तीच चूक दुसऱ्यांदा करते: निगेटिव्हची सरासरी काढून ती मध्यम करड्यावर आणायची, एवढेच त्याला कळते. पांढरे फार दिसले की ते प्रिंट गडद करते. साडीची घडी न् घडी दिसते आणि चेहरे काळे होतात. दोनदा झालेल्या या अन्यायाला आपण ‘फोटो बरा आला नाही’ म्हणतो, आणि पुष्कळदा ‘आपला रंगच तसा’ म्हणतो.

यावरून रोजच्या रोलचे माप आपल्याला मिळते. चेहऱ्याच्या सावलीत तपशील राहील एवढे एक्स्पोजर ज्या रोलला आपल्या कॅमेऱ्याने देता येते, तो आपला रोजचा रोल. बैठक, अभ्यासवर्ग, वस्तीतली खोली, संध्याकाळची सभा: आपल्या कामाचा उजेड हा असा आहे. इथे शंभर एएसएचा रोल कितीही स्वस्त असला तरी महाग पडतो. चारशेचा रोल त्याच्यापेक्षा दोन स्टॉप पुढे असतो. दाणा थोडा जाड येतो, येऊ द्यावा. रंगीतात कोडॅकचे गोल्ड 200 आणि कलरप्लस 200 हे रोल रोजचे म्हणून सुचवले जातात. आजच्या फिल्मा पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारलेल्या आहेत आणि बाहेरच्या उन्हात दोन्ही ठीक आहेत. खोलीत फ्लॅशशिवाय ते वापरू नयेत. शिवाय रंगीत रोल, तो धुणे आणि स्कॅन करणे यांचा हिशेब आज हजार रुपयांच्या वर सहज जातो. शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत तो बसत नाही. ‘परवडणारा’ हा शब्द लिहिणाराने कोणाला परवडणारा, हेही लिहावे.

माझे मत कृष्णधवल चारशेच्या बाजूने आहे. इंग्लंडचा केंटमियर 400 किंवा चेक देशातला फोमापॅन 400 हे स्वस्तातले रोल आहेत. इल्फर्डचा एचपी5 यांच्याहून वरचढ, पण महाग. फोमापॅनवर चारशे लिहिलेले असले तरी त्याला दोनशेचा समजून प्रकाश द्यावा, सावल्या सुधारतात. बाकीच्यांनाही एक स्टॉप जास्त दिला तर बिघडत नाही. मीटर साडीवर, सदऱ्यावर किंवा भिंतीवर न धरता चेहऱ्याजवळ नेऊन धरावा. कृष्णधवलाचा दुसरा फायदा असा, की ते घरी धुता येते. एक टाकी, दोन रसायने आणि अंधारी खोली, तीही रोल टाकीत भरण्यापुरती. रंगीताला 38 अंशांचे तापमान काटेकोर सांभाळावे लागते; कृष्णधवलाला 20 अंश पुरतात. अर्थात आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच तिशीच्या वर असते, तेव्हा माठातले पाणी आणि थोडा बर्फ जवळ ठेवावा लागतो. शंभर फुटांचा डबा मिळून विकत घेतला तर त्यातून छत्तीस फोटोंचे सुमारे अठरा रोल निघतात. एकट्या विद्यार्थ्याला तो जड जाईल. महाविद्यालयाच्या किंवा वाचनालयाच्या गटाला जड जाऊ नये.

कोणी विचारील, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. रोजच्या नोंदीसाठी मोबाइलच वापरावा, त्यात कमीपणा नाही. पण मोबाइललाही चेहरा न विचारता उजळ आणि गुळगुळीत करण्याची खोड असते; स्टुडिओतली शिसपेन्सिल आता यंत्राच्या आत बसली आहे. फिल्मवर एकदा काम केलेला विद्यार्थी ती खोड लवकर ओळखतो. आणि फिल्म समजून घेण्याचे याहून मोठे कारण पुढे चालवायच्या कामात नाही, मागे पडून राहिलेल्या कामात आहे.

आपल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात स्टुडिओची पाकिटे आहेत. त्यातल्या प्रिंट काळ्या म्हणून कोणी पाहत नाही आणि निगेटिव्ह तर कचरा म्हणूनच जाते. वर सांगितलेल्या यंत्राच्या सरासरीचा अर्थ असा होतो, की प्रिंटमध्ये बुडालेला चेहरा निगेटिव्हमध्ये पुष्कळदा जिवंत असतो. यंत्राने तो छापला नाही, इतकेच. अशी निगेटिव्ह खिडकीच्या काचेपुढे धरावी. चेहऱ्याच्या जागी कोरे पारदर्शक दिसले तर इलाज नाही. तिथे थोडी जरी करडी छटा, नाकाची कड, ओठांची रेघ दिसली तर ती स्कॅन करून घ्यावी आणि लॅबवाल्याला स्पष्ट सांगावे: साडी पांढरीफटक झाली तरी चालेल, चेहऱ्यावर लाव. आणि पाकिटावर त्या बायांची नावे लिहून ठेवावीत, ती सांगणारे कोणी घरात आहे तोवर.