लॉकला राग का येत नाही?

विल्यम गोल्डिंगची 'द इनहेरिटर्स' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. निअँडरथल माणसांची एक छोटी टोळी आणि त्यांच्या प्रदेशात नव्याने शिरलेली आपल्यासारखी माणसे यांच्या गाठीची ही कहाणी आहे. इंग्रजी समीक्षेने तिला करुणेचे महाकाव्य ठरविले आहे. गेल्या वर्षी ती मी वर्गात वाचून दाखवीत होतो. नायकाचे नाव लॉक. इंग्रजी उच्चार काही असो, माझे विद्यार्थी ते 'लोक' असेच वाचतात आणि मी दुरुस्त करीत नाही. अर्धे पुस्तक संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, याची माणसं एकेक करून जातायत, याला राग का येत नाही?" त्या दिवशी मी काहीतरी उत्तर दिले. ते खरे उत्तर नव्हते.

गोल्डिंग कशाच्या विरोधात उभा राहिला हे आधी मान्य केले पाहिजे. १८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात ही हाडे सापडली. १८६४ मध्ये विल्यम किंगने त्यांना वेगळ्या मानवजातीचे नाव दिले आणि या प्राण्याचे विचार पशूच्या वर गेले नसतील, असा निर्वाळाही दिला. कशावरून? कवटीच्या आकारावरून! १८६६ मध्ये हेकेलने तर 'होमो स्टुपिडस', म्हणजे सरळसरळ मूर्ख मानव, असे नाव सुचविले. फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ साली एका म्हाताऱ्याचा सांगाडा मिळाला. मार्सेलाँ बूल या विद्वानाने त्याला वाकलेल्या पाठीचा, गुडघ्यांत मोडलेला, माकडासारखा चालणारा करून जगापुढे उभा केला. १९५७ मध्ये स्ट्राउस आणि केव्ह यांनी तो सांगाडा पुन्हा तपासला. म्हातारा संधिवाताने जर्जर होता. त्याची जात ताठच चालत होती. पण दोष एकट्या संधिवाताचा नव्हता. बूलला जे पाहायचे होते तेच त्याला दिसले. हाडे मुकी असतात, त्यांच्या वतीने बोलणारा कोण यावर सारे ठरते.

एच. जी. वेल्सने 'आउटलाइन ऑफ हिस्टरी'त लोककथांतील नरभक्षक राक्षसाचे मूळ या माणसांत असावे, हा तर्क उचलून धरला. गोल्डिंगने तो उतारा कादंबरीच्या आरंभी छापला आणि पुढे सबंध पुस्तकभर तो खोडून काढला. राक्षस हा शब्द कोण कोणाला देतो, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. म्हणून गोल्डिंगची ही खेळी आपल्याला लगेच भिडते. त्याच्या पुस्तकात माणसे खाणारे आहेत ते नवे लोक. लॉकच्या टोळीतील लिकू ही लहान मुलगी त्यांच्या तोंडी जाते.

शैलीविषयी वाद नाही. लॉकपाशी कार्यकारणाची भाषा नाही, त्याच्या मनात चित्रे येतात. त्याच्यावर बाण सोडला जातो तेव्हा त्याला दिसते ते एवढेच, की समोरच्या माणसाच्या हातातली काठी आखूड झाली आणि पुन्हा लांब झाली. परक्याच्या डोळ्यांत शिरून लिहिण्याचा एवढा प्रामाणिक प्रयत्न मी दुसरा वाचलेला नाही.

तरीही माझा आक्षेप याच डोळ्यांवर आहे. गोल्डिंगची माणसे शिकार करीत नाहीत. दुसऱ्या जनावराने मारलेल्या हरणीचे मांस खातानाही त्यांना अपराधी वाटते. ती कपटच नव्हे, तर संतापही जाणत नाहीत. राक्षस पुसून गोल्डिंगने तेथे लेकरू काढले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. शिवी आणि कीव यांतील अंतर फार नसते, हे मला पुस्तकात वाचावे लागले नाही.

खरे निअँडरथल कसे होते? जर्मनीतील नॉयमार्क-नॉर्ड येथे सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वी त्यांनी आजच्या हत्तीपेक्षा कितीतरी मोठे हत्ती मारून, पद्धतशीर कापून खाल्ले. २०२३ मध्ये हाडांवरच्या सुऱ्यांच्या खुणांवरून ते सिद्ध झाले. बर्चच्या सालीतून डांबर काढून ते दगडी पाते दांड्याला चिकटवीत. स्पेनमधील एल सिद्रोन गुहेत त्यांनी आपल्यासारख्यांनाच खाल्ल्याच्या खुणा आहेत. आणि इराकमधील शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना असा एक माणूस मिळाला, ज्याचा उजवा हात वाळलेला होता, डाव्या डोळ्याजवळ जबर मार लागून बरा झालेला होता, कानही धड नव्हते. असा माणूस चाळिशीच्या आसपास पोहोचला. कोणीतरी त्याला घास दिला, कोणीतरी त्याच्यासाठी थांबले. हत्ती पाडणारे हात आणि हा घास देणारे हात एकाच जमातीचे. गोल्डिंगला हे दोन्ही एकत्र पेलले नसते. जीन ऑएलच्या १९८० च्या 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर'मध्ये तर ही माणसे नवे काही शिकूच शकत नाहीत. शिकते ती सोनेरी केसांची आपली मुलगी. तिच्याविषयी इतके पुरे.

आणखी एक गोष्ट. कादंबरीच्या अखेरीस नव्या लोकांच्या नावेत निअँडरथलांचे पळविलेले तान्हे पोर आहे. २०१० मध्ये स्वान्ते पाबो यांच्या गटाने निअँडरथल जनुकसंचाचा आराखडा मांडला (पाबोंना २०२२ चे नोबेल मिळाले), तेव्हा कळले की आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा एक ते दोन टक्के अंश आहे. हा संकर मुख्यतः ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वी झाला. २०२० मध्ये कोविडचा धोका वाढविणारा असाच एक तुकडा सापडला, आणि तो दक्षिण आशियातील जवळजवळ निम्म्या लोकांत आहे. म्हणजे ज्यांना नामशेष म्हणतो ते आपल्या रक्तात बसले आहेत. पण याला कोणी प्रेमकहाणी म्हणू नये. संबंध राजीखुशीचा होता की बळजोरीचा, हे जनुक बोलत नाही.

गोल्डिंगने शेवटी काय केले ते पाहा. लॉक एकटा उरतो आणि निवेदन त्याच्यातून बाहेर पडते. 'तो'चे 'ते लाल जनावर' होते. मग शेवटचे प्रकरण तुआमीच्या, म्हणजे नव्या माणसाच्या मनातले. त्याला भीती वाटते, पश्चात्तापासारखे काहीतरी वाटते, तो हस्तिदंताची मूठ कोरीत बसतो. मारलेल्यांचे दुःख सरते शेवटी मारणाऱ्याच्या आत्मपरीक्षणाच्या कामी येते. वारसदारांनी वारसदारांसाठी लिहिलेली कादंबरी ती हीच.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला आता लॉकमध्ये नव्हे, फा या स्त्रीमध्ये दिसते. दोघे रात्री वाळलेल्या झाडावर लपलेली असतात. खाली नव्या लोकांची आग पेटलेली असते. लिकूचे काय झाले ते फा पाहते, आणि लॉकला पाहू देत नाही. तिला सारे कळलेले आहे. पण कादंबरी तेवढा वेळ झाडाच्या बुंध्याकडे तोंड केलेल्या लॉकपाशीच थांबते, फाच्या डोळ्यांत शिरत नाही.