नोंद आणि नाते : बीड जिल्ह्यातील जमीन व न्यायालयीन अभिलेखांतून कुटुंबेतिहासाचे वाचन

प्रस्तावना

कुटुंबाचा इतिहास हा मराठी इतिहासलेखनातील जुना प्रकार होय. विसाव्या शतकात सिद्ध झालेले कुलवृत्तांत हे त्याचे परिचित रूप. मात्र हे लेखन प्रामुख्याने सनदा, वतनपत्रे आणि इनामपत्रे जपून ठेवू शकलेल्या घराण्यांचे होते. बीड जिल्ह्यातील सामान्य शेतकरी कुटुंबे जुन्या दप्तराकडे मोठ्या प्रमाणावर वळली ती २०२३ नंतर. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदपत्रांत ‘कुणबी’ नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला. आरक्षणाच्या प्रश्नात बाजू घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या शोधातून वाचनाची जी पद्धत रूढ झाली, तिची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे. एका शब्दासाठी पान उघडायचे, तो सापडला की प्रमाणित प्रत घ्यायची आणि पान मिटायचे, अशी ही पद्धत आहे. शासकीय प्रयोजनासाठी ती पुरेशी असेल. इतिहासासाठी ती पुरेशी नाही.

कागदाची भाषा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. या राजकीय स्थित्यंतरांचे पडसाद दप्तरात उमटले आहेत. गावपातळीवरील जुने कागद मोडीत आहेत, वरिष्ठ कचेऱ्यांचे व न्यायालयांचे कागद उर्दूत आहेत आणि नंतरचे कागद बाळबोध मराठीत आहेत. कालगणनाही बदलते. फसली सनात ५९० मिळविल्यास इसवी सन साधारणपणे हाती येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. महिने आजूर, दै, बहमन असे येतात. अंबाजोगाईचा शोध घेणाऱ्यास ‘मोमिनाबाद’ हे नाव ठाऊक असावे लागते. ‘वल्द’, ‘बेवा’, ‘पि.’, ‘भ्र.’ ही नातेदर्शक चिन्हे ओळखता आली नाहीत, तर बाप, नवरा आणि दीर यांची गल्लत होते.

महसुली नोंदीची मर्यादा

शोधाचा रूढ क्रम सातबाराकडून फेरफाराकडे, तेथून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाकडे आणि पुढे सेतवाराकडे व निजामकालीन पाहणी पत्रकाकडे जातो. जेथे एकत्रीकरण झाले तेथे गट क्रमांकावरून जुना सर्व्हे क्रमांक काढावा लागतो. हा क्रम बिनचूक पाळला तरी मूळ प्रश्न उरतोच. ही पत्रके कुटुंबासाठी लिहिलेली नाहीत, साऱ्यासाठी लिहिलेली आहेत. सारा कोणी भरावा एवढेच त्यांना विचारायचे होते. म्हणून चार भावांच्या जमिनीवर एकट्या थोरल्याचे नाव दिसते. केवळ फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ हक्कनोंदणीतील नोंद खरी मानते, परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. जी नोंद मालकीबाबतही अंतिम नाही, ती वंशाबाबत अंतिम कशी मानावी? गॅझेटियरमधील आकडे तर त्याहून दूरचे. ते जातसमूहाची संख्या सांगतात, व्यक्तीचे नाव सांगत नाहीत.

न्यायालयीन कागदाचे मोल

नाव महसुली कागदात मिळते; नाते मात्र बहुधा वादाच्या कागदात मिळते. वाटणीच्या दाव्यात वंशावळ जोडावी लागते. दत्तकाच्या दाव्यात विधवेची जबानी असते. इनाम जमिनीबाबत मुंतखब आणि विरासतीची चौकशी वारसांची नावे पिढीवार देते. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यातील संरक्षित कुळांच्या नोंदी मालकाच्या नावामागे दडलेला कसणारा दाखवितात. अर्थात, दाव्यातील वंशावळ ही पक्षकाराने स्वतःच्या हितासाठी मांडलेली असते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३२(५) नात्याविषयीचे दिवंगत व्यक्तीचे विधान ग्राह्य मानत असे, पण ते वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असले तरच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगला नियम क्वचितच मिळेल. वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही वंशावळी समोरासमोर ठेवून जेथे त्या जुळतात ते ग्राह्य धरावे आणि जेथे भिन्न होतात तेथे भिन्नतेचे कारण शोधावे.

नोंदीबाहेरची कुटुंबे

या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष असा की, नोंद नसलेल्या कुटुंबाला ती इतिहासच नाकारते. मुली वंशावळीत येत नाहीत. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांना सहदायिकी हक्क मिळाल्यानंतरही जुने कागद मुकेच राहिले. दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या अनेक भूमिहीन कुटुंबांचे नाव सातबारावर नाही. गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बोलकी आहे. अॅड. एकनाथ आवाड यांनी या जिल्ह्यातून उभारलेल्या गायरान हक्काच्या लढ्यात १४ एप्रिल १९९० पूर्वीचे अतिक्रमण सिद्ध करणे हा कळीचा मुद्दा होता. तेव्हा गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद, दंडाची पावती आणि फौजदारी खटल्याचा कागद हेच वहिवाटीचे पुरावे ठरत. ज्या कागदाने आजोबांना गुन्हेगार ठरविले, त्याच कागदाने नातवाला जमिनीशी जोडले. शासनाचा हेतू आणि वाचकाचा अर्थ यांतील हे अंतर ओळखणे हीच अभिलेखवाचनाची खरी कसोटी होय.

निष्कर्ष

२०२३ नंतरच्या शोधाने दप्तरखान्याची दारे उघडली आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची उणीव उघड केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु निकाली प्रकरणांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, मोडी वाचणारे वृद्ध होत आहेत आणि हवा असलेला शब्द नसलेली पाने पुन्हा बासनात जात आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी, उर्दू आणि विधी विभागांनी एकत्र येऊन एका गावाचे खासरा पत्रक आणि त्याच गावाचे दिवाणी दावे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घेतले, तर प्रमाणपत्राच्या पलीकडचे पुष्कळ काही हाती लागेल. नोंद शोधणे हे कारकुनी काम आहे. त्या नोंदीत कोणाचे नाव का नाही, हे विचारण्यापासून इतिहासाचा आरंभ होतो.