बाणाग्राचा प्रकार आकारावरून ठरतो का?

दगडी बाणाग्रांच्या सचित्र तक्त्यांत प्रत्येक आकृतीखाली एक नाव आणि एक काळ छापलेला असतो. हातातले टोक चित्राशी जुळवले, की ओळख पटली! पानावरून झाड ओळखावे, तसे हे सोपे वाटते. पण पान झाडावर वाढते. दगडी टोक माणसाच्या हातात झिजते, मोडते आणि पुन्हा घडवले जाते. याचा विचार हे तक्ते करीत नाहीत.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील मॉनिटर व्हॅलीसाठी डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी १९८१ साली मांडलेली पद्धत अशा तक्त्यांहून कितीतरी सरस आहे. त्यांनी नजरेवर न विसंबता लांबी, रुंदी आणि कोन मोजले. कोपऱ्यात खाचा असलेल्या टोकाचे बूड १० मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर ते 'एल्को' गटात जाते, नसेल तर 'रोजगेट' गटात. (खाचेजवळच्या कोनाचीही अट आहे.) कोणीही मोजले तरी उत्तर जवळजवळ तेच येते. एल्कोचा काळ इ. स. पूर्व १३०० ते इ. स. ७००, आणि रोजगेटचा त्यापुढे इ. स. १३०० पर्यंत, असे थॉमस यांनी दाखवले. त्यांचा मोठा आधार होता गेटक्लिफ येथील खडकाच्या आडोशात एकावर एक साचलेल्या थरांचा.

बुडाला महत्त्व देणेही सयुक्तिक आहे. टोक दांड्याला बांधलेले असतानाच त्याला धार लावता येते. वर्षानुवर्षे पाजवलेल्या विळ्याचे पाते अरुंद होते, मुठीत बसवलेला भाग तसाच राहतो, तोच प्रकार.

पण बूडच मोडले तर? फ्लेनिकन आणि रेमंड यांनी १९८६ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांनी एल्को प्रकारची टोके स्वतः घडवली, दांड्यांना बसवून फेकली आणि मोडलेली टोके दुरुस्त केली. दुरुस्तीनंतर थॉमस यांच्याच मापांनी पाहिले, तर त्यांतील काही दुसऱ्याच प्रकारात गेली. दगड तोच, पण काळ काही शतकांनी बदलला!

हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, पण त्यावरून सारी पद्धत मोडीत काढणे पटत नाही. दुरुस्तीने प्रकार सर्रास बदलत असते, तर गेटक्लिफच्या थरांत सगळे प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसले असते. तेथे तर ते काळानुसार बऱ्याच नीट क्रमाने येतात. म्हणून एका थरातील अनेक टोकांचा कल विश्वासार्ह मानावा; शेतात सापडलेल्या एकट्या टोकावरून मात्र काळ सांगू नये.

तक्त्यांचा खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. मॉनिटर व्हॅलीतील तारखा मॉनिटर व्हॅलीपुरत्या आहेत. पूर्वेकडे, युटामधील गुहांत, एल्कोच्या आकाराची टोके याहून हजारो वर्षे जुन्या थरांतही सापडतात. तक्त्यात चित्र असते, नाव असते, सालही असते. ते साल कोणत्या खोऱ्यातले, एवढेच छापायचे राहून जाते.