लेखकाची उपस्थिती आणि संहितेची अखंडता

ग्रंथ प्रसिद्ध झाला की लेखकाचे काम संपले, ही समजूत आता मागे पडली आहे. पुस्तकाच्या बरोबरीने, कित्येकदा पुस्तकाच्याही आधी, लेखकाने संगणकाच्या पडद्यावर हजर व्हावे आणि वाचकांशी नित्य बोलत राहावे, अशी अपेक्षा रूढ झाली आहे. या अपेक्षेचा विचार बहुधा प्रसिद्धीच्या अंगाने होतो. साहित्यसमीक्षेपुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो : लेखकाची ही उपस्थिती त्याच्या संहितेच्या वाचनावर कोणता परिणाम करते?

मराठीपुरते पाहता या प्रश्नाचा विचार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्यापासून सुरू करणे सोयीचे ठरते. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर राहिले. त्यांच्या अनुपस्थितीचीच एक आख्यायिका झाली. परंतु त्यांच्या निधनानंतर निवडक पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले आणि हा लेखक अबोल नव्हता हे स्पष्ट झाले. तो विपुल बोलत होता. मात्र एका वेळी एकाशीच. पत्राला नावगाव असलेला वाचक असतो. त्याला ओळखूनच लिहिणाऱ्याचा सूर लागतो. जी. ए. अनुपस्थित नव्हते, तर आपल्या उपस्थितीचे स्वरूप त्यांनी स्वतः ठरविले होते, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या निवडीमागील वाङ्मयीन व्यवस्थाही ध्यानात घेतली पाहिजे. जी. एं.च्या कथा ‘सत्यकथा’सारख्या मासिकातून वाचकांपुढे येत. लेखकाचा परिचय करून देण्याचे काम संपादक आणि समीक्षक करीत. म्हणूनच लेखकाला दूर राहणे परवडत होते. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. ज्या लेखकाच्या पाठीशी असे नियतकालिक नाही, त्याला आपली ओळख आपणच करून द्यावी लागते. लहान गावातून लिहिणाऱ्याला नवे माध्यम दूरचा वाचक मिळवून देते, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. त्यामुळे आजच्या लेखकाला जी. एं.चे मौन आदर्श म्हणून सांगणे अन्यायाचे ठरेल.

या उपस्थितीची दुसरी बाजू तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्या अनुभवातून दिसते. त्यांची ‘मादोरुबागन’ ही कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला. काळी आणि पोन्ना या अपत्यहीन दांपत्याची ही कथा तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या परिसरात घडते. डिसेंबर २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. कादंबरीतील निवडक पाने छायाप्रती काढून वाटली गेली. जानेवारी २०१५ मध्ये प्रशासनाने घडवून आणलेल्या बैठकीनंतर मुरुगन यांनी फेसबुकवर लेखक पेरुमाळ मुरुगन यांचा मृत्यू जाहीर केला; यापुढे केवळ एक शिक्षक जगेल, असे त्यांनी कळविले.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कादंबरीचे तुकडे ज्या साधनाने वाटले गेले ते कागदाचेच होते. सर्व दोष पडद्याच्या माथी मारता येत नाही. परंतु छायाप्रतीचे पान आणि पडद्यावरील नोंद यांचा धर्म एक आहे : दोन्ही तुकड्याला संपूर्णाची जागा देतात आणि दोन्हींना ठरलेला वाचक नसतो. मुरुगन यांनी मूळ कादंबरीचा शेवट मोकळा ठेवला होता आणि त्यातून फुटणाऱ्या दोन भिन्न शक्यता पुढील दोन कादंबऱ्यांत स्वतंत्रपणे मांडल्या होत्या. जी कृती एका अर्थावर थांबायला तयार नव्हती, तिच्यावर चार पानांच्या आधारे एकच अर्थ लादला गेला. पुढे वाद कृतीशी उरला नाही. तो समोर सापडणाऱ्या माणसाशी झाला.

मुरुगन यांच्या मौनात मात्र लेखन थांबले नाही. त्या काळात त्यांनी कविता लिहिल्या. त्या पडद्यावर आल्या नाहीत. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने कादंबरीच्या बाजूने निर्णय दिला आणि लेखकाने पुन्हा लिहिते व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच वर्षी त्या कविता संग्रहरूपाने प्रसिद्ध झाल्या. लेखक परतला तो पुस्तकातून.

जी. ए. आणि मुरुगन यांची उदाहरणे परस्परविरुद्ध वाटली, तरी त्यांतून एकच निकष हाती येतो. लेखक किती दिसतो, हा प्रश्न गौण आहे. त्याचे दिसणे वाचकाला अखंड संहितेकडे नेते, की संहितेची जागा घेते, हे पाहावयाचे. पत्र असो वा पडद्यावरील नोंद, अभ्यासकाने तिला कृतीच्या अर्थाचा पुरावा मानण्याची घाई करू नये. कृती प्रथम पूर्ण वाचावी. एकेकाळी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक व समीक्षक उभे होते. ती जागा रिकामी झाल्यामुळेच लेखकाला स्वतः पुढे यावे लागले आहे. त्याला माघारी जाऊन लिहिता यावे असे वाटत असेल, तर ती जागा समीक्षेने पुन्हा भरून काढली पाहिजे.