कर्व्यांचा अध्यापनविचार

अध्यापकाचे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान त्याच्या भाषणांपेक्षा त्याने आखलेल्या अभ्यासक्रमात अधिक स्पष्ट दिसते, असे आम्हांस वाटते. फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ पासून गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले व उच्च शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेविले. विषय उमगण्याआधी परभाषेशी झुंजण्याचे विद्यार्थिनीचे श्रम त्यांनी वाचविले. इंग्रजीला मात्र विषय म्हणून स्थान दिले. हा विवेक थोर होय. तथापि स्त्रियांसाठी म्हणून गृहव्यवस्थेचे विषय योजताना तिचे पुढील आयुष्य गृहीत धरले गेले, हे उणेच म्हटले पाहिजे. जिची भाषा ओळखली, तिची आकांक्षाही विचारावयास हवी होती. परप्रांती राहून मुलांच्या शिक्षणाचे बेत आखणाऱ्या आपणां पालकांसही हाच निकष लागू आहे.