वारी बघायची की वारकरी? ‘कोडिंग फ्रीडम’ आणि फील्डचा शोध

ओपन सोर्सवाल्यांची एथ्नोग्राफी करायची, म्हणजे त्यांच्यात जाऊन बसायचं, बघायचं, नोंदी काढायच्या, असं ठरवलंत की एक पुस्तक तुमच्या हातात येणारच: गॅब्रिएला कोलमन यांचं ‘कोडिंग फ्रीडम’ (प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, २०१३). पुस्तक उत्तम आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट वाचायलाही मिळतं. पण विद्यार्थी ते ‘फील्ड कुठे शोधायचं’ याचं गाइड म्हणून वाचतात, आणि तिथे माझा वाद आहे.

आधी श्रेय देऊ. कोलमन मानववंशशास्त्रज्ञ. २००१ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत राहून त्यांनी फील्डवर्क केलं आणि मुख्यतः डेबियन या लिनक्स वितरणाच्या माणसांचा अभ्यास केला. ही माणसं जगभर विखुरलेली, काम ईमेलवर आणि आयआरसी चॅटवर. त्यामुळे अभ्यासकही स्क्रीनलाच चिकटलेले. कोलमन यांनी परिषदेकडे लक्ष वेधलं: एरवी नुसतं टोपणनाव म्हणून दिसणारी माणसं काही दिवस एकत्र जेवतात, जागतात, कोड लिहितात, आणि ‘आपण’ ही भावना घट्ट होते. त्यांच्या मते परिषद हा जवळजवळ एक विधीच आहे. वारी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागत नाही.

पण वारीत वारकऱ्याचं वर्ष दिसतं का? परिषदेत सगळे खूश असतात, भाषणांना टाळ्या पडतात, जुनी भांडणं चहावर मिटतात. २०२३ साली डेबियनची परिषद कोचीला झाली. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इतकी जवळची संधी क्वचितच मिळते. तिथे आठवडाभर राहून तुम्ही वहीभर नोंदी आणाल, आणि त्यातून ‘हा समुदाय आपुलकीने चालतो’ असा निष्कर्ष काढाल. उत्सवाचं निरीक्षण करून रोजच्या कामाबद्दल बोलणं ही साधी चूक नाही, अख्खं प्रकरण त्यात कोसळतं.

गंमत म्हणजे कुठे बघावं याचं जास्त चांगलं उत्तर डेबियनच्या कारभारातच आहे. डेबियनचा डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या क्रिप्टोग्राफिक चावीवर साधारणपणे आधीच्या डेव्हलपरची सही लागते, आणि सही देण्याआधी समोरासमोर भेटून ओळखपत्र बघायची रीत आहे. म्हणजे पूर्णपणे ऑनलाइन वाटणाऱ्या या संस्थेच्या दारात प्रत्यक्ष भेट उभी आहे! २००६ मध्ये मेक्सिकोतल्या परिषदेत एका डेव्हलपरने कोणत्याही सरकारने न दिलेलं ओळखपत्र दाखवून सह्या मिळवल्या आणि मग स्वतःच ते जाहीर केलं. केवढा वाद झाला! त्या वादाचे ईमेल आजही वाचता येतील. पण कार्ड हातात घेऊन कोण नीट बघतं, कोण नुसती मान डोलावतं, हे तिथे उभं असल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझी कसोटी एवढीच: भेट झाली नसती तर हे काम झालंच नसतं, असं जिथे असेल तिथे जा. ओपनस्ट्रीटमॅपच्या मॅपिंग पार्टीचं उदाहरण घ्या. २००६ साली आइल ऑफ वाइट बेटावर स्वयंसेवक जीपीएस घेऊन रस्तोरस्ती फिरले, कारण नकाशा घरी बसून होणार नव्हता. किंवा आपल्या जवळचं, फ्युएल प्रकल्पाचं. सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या शब्दांना भारतीय भाषांत एकच प्रतिशब्द असावा म्हणून भाषांतरकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून यादी ठरवत. बाहेर येते ती फक्त यादी. कुठला शब्द कोणाच्या हट्टामुळे राहिला आणि कोण शेवटी गप्प बसलं, हे खोलीतच राहतं. तुमचं फील्ड ते.

आता पुण्याचं बघा. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप जुना, सिम्बायोसिसमध्ये भरणारा ग्नूनिफायही अनेकांना आठवत असेल. पण लिनक्स ग्रुपच्या जुन्या भेटींमागे एक व्यावहारिक कारण होतं: इंटरनेट हळू, सीडी हातोहात द्यावी लागे, आणि इन्स्टॉल करताना अडलं तर जाणकार शेजारी लागे. ते कारण संपलं. आज फॉस युनायटेडच्या पुण्या-मुंबईतल्या भेटींना तरुण गर्दी असते, पण तिथे जमलेल्यांपैकी कोण कोड लिहितं, कोण फक्त वापरतं, आणि कोण नोकरी शोधतंय, हे आधी वेगळं करा. तिन्ही अभ्यासाचे विषय आहेत. मात्र तिघांना मिळून ‘समुदाय’ म्हटलंत तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल.

शिवाय जी आलीच नाहीत त्यांचं काय? ओपन सोर्समध्ये बाया इतक्या कमी का, यावर डॉन नेफस यांचा २०१२ चा लेख आहे, त्याचं शीर्षकच सांगतं की पॅचला लिंग नसतं असा तिथला दावा असतो. संध्याकाळी सातची भेट, परतीची बस, घरचा स्वयंपाक: खोलीत बसून हे दिसत नाही. कोलमन यांच्या पुस्तकात लिंगभावाला मिळालेली जागा मला अपुरी वाटते. क्रिस्टिना डनबार-हेस्टर यांचं ‘हॅकिंग डायव्हर्सिटी’ (२०२०) जोडीला वाचाच.

राहिला संमतीचा प्रश्न. ‘सगळ्यांसाठी खुलं’ म्हणजे ‘नोंदी काढायला खुलं’ नव्हे. ब्रसेल्सच्या फॉसडेमला नावनोंदणीच लागत नाही, हजारो लोक येतात. तिथे तुम्ही कोणाकोणाला विचारणार? दर महिन्याला भेटणाऱ्या बारा जणांच्या बैठकीत आधी आयोजकांना विचारता येतं, मग प्रत्येकाला. एखादा नको म्हणाला तर त्याचं बोलणं वहीबाहेर ठेवता येतं, आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा समोर असतोच.